दमणीपासून डिकीपर्यंत

सावद्याला बोलायला या म्हटल्यावर संयोजकांनी विषय विचारला, तेव्हा मी "वाहनांचा इतिहास" असं मोघम सांगून सुटलो होतो. पण मघाशी चहाच्या वेळी तुमच्यातल्याच एका आबांनी मला बाजूला घेतलं. केळीचे पैसे हाती आलेत, मुलगा पुण्याला नोकरीला आहे आणि त्याला पळणारी गाडी हवी आहे. घरात पंधरा दिवस वाद चाललाय. आबा मला म्हणाले, "पळू द्या हो, पण तिच्यात सामान मावतं का?"

हसू नका. मला वाटतं आबांनी इतिहासाचाच प्रश्न विचारला. आज त्याच्यावरच बोलतो, बाकीचं राहू द्या.

मोटार यायच्या आधी खानदेशात खातंपितं घर असलं की दारात दोन वाहनं दिसायची. एक मालाची बैलगाडी. कपाशी, कडबा, खत, जे असेल ते ओढायची, आणि चालायची बैलाच्या मर्जीने. दुसरी दमणी. हलकी, वरून छत, आत गादी. तिला जुंपायचे बैलही वेगळे, चपळ, चालीचे. तापीकाठच्या पांढऱ्या खिल्लारांना आपण थिल्लार म्हणतो, ते जनावर मुळात पळणारं. लेक सासरी निघाली की दमणी, जत्रेला दमणी. तिच्यात पेटी जायची, शिदोरी जायची, दोन पोरं कोंबली जायची, आणि रस्त्यात दुसऱ्याची दमणी भेटली की हाकणारा कासरा जरा सैल सोडायचाच! आतून आजी ओरडायची, ते वेगळं.

तिसरा प्रकार शंकरपटाच्या छकडीचा. नुसता सांगाडा. हाकणारा कसाबसा उभा राहणार, बाकी तिच्यात ज्वारीचं पोतं काय, तांब्यासुद्धा ठेवता येत नाही. वेग मात्र विचारू नका.

हे तिन्ही प्रकार डोक्यात ठेवा. मालगाडी, छकडी आणि मधली दमणी. आबांचा मुलगा छकडी मागतोय असं आबांना वाटतंय. मुलाला वाटतंय आबा मालगाडी गळ्यात मारताहेत. प्रत्यक्षात दोघंही दमणी शोधताहेत.

१८७० साली भुसावळकडून खंडव्यावरून जबलपूरला जाणारा लोहमार्ग पुरा झाला, आणि लांबचा जड माल हळूहळू रुळावर गेला. तुमची केळी वॅगनी भरून दिल्लीला गेली ती याच मार्गाने. घरच्या वाहनाकडे माणसं आणि माणसांबरोबरचं सामान एवढंच उरलं. मोटार आली ती या जागेवर.

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली जुळणीचा कारखाना काढला, तेव्हा पैसेवाल्याला निवडायला पुष्कळ होतं. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण ठरलं की नुसती जुळणी नको, इथे घडवा. १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनी गाशा गुंडाळला. धोरणामागचं कारण मला पटतं. पण गिऱ्हाईकाचं काय झालं ते बघा. १९८३ च्या डिसेंबरात मारुती येईपर्यंत मोटार म्हणजे मुख्यतः तीन घरं: उत्तरपाड्याची अँबॅसेडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. याला निवड म्हणत नाहीत.

आणि तरी हौस मरत नाही. फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, गिअर स्टिअरिंगजवळ. हीच गाडी लोकांनी मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीत पळवली. आमच्या घरी एक होती. टपावर लोखंडी कॅरिअर, त्याच्यावर दादरचं पोतं. एकदा वडिलांना एका ट्रकला मागे टाकायची लहर आली आणि वळणावर पोतं रस्त्यावर. दोर मी बांधला होता, त्यामुळे बोलणीही मीच खाल्ली. टपावर वजन चढलं की गाडी वळणावर कलते, हे भौतिकशास्त्र मला त्या दिवशी कळलं. सामान खाली आणि आत हवं.

नव्वदीनंतर बाजार खुला झाला आणि आधी आली छकडी. १९९८ साली गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म. फायबरचं अंग, ११४९ सीसीचं रेनॉचं इंजिन, दोन माणसं बसली की गाडी भरली. दिसायला गोड, पण आपल्या कामाची नाही. २००१ ला पॅलिओ आली, तिच्या १.६ इंजिनात शंभर अश्वशक्ती. डिकी मात्र बेताचीच.

दमणी सापडली ती अजिंठ्याच्या घाटापलीकडे, औरंगाबादजवळ शेंद्र्याला. स्कोडाने तिथे ऑक्टाव्हिया बनवायला घेतली, आणि २००४ मध्ये तिची आरएस आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती. पण माझ्या मते खरी गंमत मागे होती. बाहेरून ती साधी डिकीवाली गाडी दिसते, पण झाकण उघडलं की मागची काचही त्याच्याबरोबर वर जाते. डिकी ५२८ लिटर, मागची सीट पाडली की १३२८. पुढे २०१७ ला आली ती आरएस २३० अश्वशक्तीची, डिकी ५९० लिटर. वेगासाठी सामान सोडायची गरजच नव्हती.

लिटरच्या आकड्यावर मात्र भाळू नका. पाचशे लिटर असतील, पण तोंड अरुंद असलं तर पोतं आडवं जाणार कसं? डिकीचा उंबरठा उंच असला तर उचलताना पाठ आबांची जाते, कंपनीची नाही.

आता आबा, तुमचं. मुलगा म्हणतोय ती गाडी जुनी, वापरलेली आहे. जुन्या टर्बो गाडीचे सुटे भाग महाग, टायर पातळ, आणि खड्ड्यात रिम वाकली की खर्च वेगळा. केळीचं तुम्हाला मी काय सांगू, एक वादळ आलं की बाग आडवी. म्हणून गाडीत सगळे पैसे घालू नका, दुरुस्तीचे बाजूला काढून मगच सौदा करा. आणि बघायला जाल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका. पुण्याला जे नेहमी पाठवता ते सगळं न्या: भरताची वांगी, दादरचं पोतं, पापडाचे डबे, केळीच्या फण्या. डिकीत भरा, झाकण लागतं का बघा. टायरमध्ये भरल्या गाडीची हवा मारून घ्या. मग मुलाला चालवू द्या आणि तुम्ही मागच्या सीटवर बसा. फैजपूरपर्यंत जाऊन या. ब्रेक कुठे लागतो, पाठ कुठे दुखते, आणि पोरगं हसतंय का, तिन्ही बघा.

तुमचे प्रश्न असतील तर घेतो. मागे कुणीतरी हात वर केलाय, बोला भाऊ.