कंबरदुखी: ‘झोपून राहा’पासून ‘चालते व्हा’पर्यंत

“डॉक्टर, एमआरआयमध्ये गादी सरकलेली आहे. आता ऑपरेशनच का?” कंबरदुखीचे रुग्ण हा प्रश्न नेहमी विचारतात. ही भीती आली कुठून, हे कळायला थोडा इतिहास पाहू.

१९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी दाखवून दिले की, मणक्यांमधली गादी फाटून नसेवर दाब आला तर पायात कळ जाते आणि शस्त्रक्रियेने तो दाब काढता येतो. शोध खरा होता. पण पुढे साध्या कंबरदुखीचे खापरही गादीवरच फुटू लागले. ऑपरेशने वाढली, बाकीच्यांना सक्तीची विश्रांती मिळाली.

१९५६ मध्ये न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांचा एक रुग्ण चुकून, डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर पालथा झोपला. कंबर मागे वाकलेली, तरीही काही मिनिटांत पायाची कळ थांबली! त्यातूनच मॅकेन्झी व्यायामपद्धती उभी राहिली.

मग पुरावे येऊ लागले. नॉर्वेच्या डॉ. वेबर यांनी, ऑपरेशन करावे की नाही अशी शंका असलेल्या १२६ रुग्णांचे दोन गट केले. वर्षभराने ऑपरेशनचा गट पुढे होता; दहा वर्षांनी मात्र दोघांत फारसा फरक उरला नाही. हा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८६ मध्ये अमेरिकेत दिसले की, सात दिवस झोपून राहण्यापेक्षा दोनच दिवस विश्रांती घेणारे लवकर कामावर परततात. १९९४ मध्ये कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचा एमआरआय काढला, तर निम्म्याहून अधिक जणांची गादी फुगलेली निघाली!

म्हणजेच, रिपोर्ट हा तुमच्या दुखण्याचा निकाल नव्हे. बहुतेकांना चालणे, पोट-पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि थोडा धीर यांनी आराम पडतो. मात्र कोणता व्यायाम करायचा, हे तपासणी करून ठरवा; व्हिडिओ पाहून नको.

लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा पायातली ताकद कमी होत जाणे, यांपैकी काहीही झाले तर थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तिथे ऑपरेशनच पाय वाचवू शकते. बाकीच्यांनी घाई करू नये.