धर्मगुरूची उमेदवारी

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, रामवाडीच्या बाजूस, एक विस्तीर्ण आवार लागते. कॅथॉलिक धर्मगुरू तयार करणारी पोपच्या नावाची सेमिनरी तेथे आहे. शेजारी येशूसंघाच्या विद्यार्थ्यांचे दे नोबिली कॉलेज आहे, आणि दोन्हीकडचे विद्यार्थी ज्या ज्ञानदीप संस्थेत तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र शिकतात तीही तेथेच आहे. त्या वाटेने जाणाऱ्याची सामान्यतः अशी समजूत होते की, धर्मगुरू होणे म्हणजे या भिंतींच्या आत आठ-दहा वर्षे ग्रंथ वाचीत राहणे. ही समजूत खोटी नाही, परंतु अर्धीच खरी आहे. ज्या परंपरेने या संस्था घडविल्या, तिने आपल्या उमेदवारांची परीक्षा ग्रंथाइतकीच दोन फार साध्या गोष्टींनी घेतली आहे : एक, रिकाम्या खिशाने केलेली पायपीट; आणि दुसरी, स्वयंपाकघरातली भांडी.

या परंपरेचा मूळ पुरुष इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधील बास्क प्रांताचा. सरदार घराण्यात जन्म, दरबारी थाट आणि शौर्याची हौस. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. हाड वेडेवाकडे जुळले तेव्हा, उंच बुटात पाय शोभेनासा होईल म्हणून त्याने ते पुन्हा कापवून घेतले; तरी थोडे लंगडणे कायमचे राहिलेच. अशा माणसाने पुढे आयुष्याची कितीतरी वर्षे पायी चालण्यात घालविली. १५२२ च्या मार्च महिन्यात मॉन्सेरातच्या मठापाशी त्याने आपली उंची वस्त्रे एका भिकाऱ्याला दिली आणि स्वतः गोणपाटासारखे जाडेभरडे वस्त्र पांघरले. दुसऱ्याच वर्षी तो जेरुसलेमला जाऊन आला. वृद्धपणी त्याने एका सहकाऱ्याला आपली हकीकत सांगितली, तीत तो स्वतःला कोठेही ‘मी’ म्हणत नाही, ‘यात्रेकरू’ म्हणतो.

१५४० साली पोप तिसरा पॉल याने येशूसंघाला मान्यता दिली. त्यानंतर संघाची घटना लिहावयास बसलेल्या इग्नेशियसने नव्या उमेदवारासाठी सहा कसोट्या ठरविल्या. एक महिना एकांतात ध्यान. एक महिना इस्पितळात रोग्यांची सेवा. एक महिना जवळ पैसा न बाळगता, दारोदार भिक्षा मागत पायी यात्रा. त्यानंतर घरातील हलकी व कष्टाची कामे. पुढे मुलांना व अडाणी लोकांना धर्माची मूलतत्त्वे शिकविणे. आणि अखेरीस प्रवचन. हा क्रम नजरेआड करण्यासारखा नाही. लोकांपुढे उभे राहून बोलण्याचा अधिकार सर्वांत शेवटी येतो. ज्याने दुसऱ्याच्या दारात उभे राहून भाकर मागितली नाही, त्याला व्यासपीठ नाही! यात्रेचे प्रयोजनही त्याने उघड सांगितले आहे : खाण्यापिण्याच्या आणि निजण्याच्या गैरसोयीची सवय व्हावी, आणि पैशावरचा भरवसा सुटून तो परमेश्वरावर बसावा.

या घटनेत स्वयंपाक्यासंबंधी जे कलम आहे, ते तर मोठे मासलेवाईक आहे. उमेदवार कितीही विद्वान असो, कितीही मोठ्या कुळातला असो, मुदपाकखान्यात कामाला गेला म्हणजे त्याने स्वयंपाक्याची आज्ञा पाळावयाची. येवढ्यावरच इग्नेशियस थांबत नाही. स्वयंपाक्यानेही ‘कृपा करून एवढे कराल का?’ असे अजीजीने विचारू नये. ‘हे कर, ते कर’ असे शांतपणे सांगावे. त्याचे म्हणणे असे की, विनंती केली की दोघांमधला दर्जा पुन्हा मध्ये येऊन बसतो. एका साध्या स्वयंपाक्याने दीक्षित धर्मगुरूला भांडी घासण्याची विनंती करणे हे काही शोभून दिसत नाही. आज्ञेत मात्र दर्जा उरत नाही, कारण ती माणसाची आज्ञा म्हणून ऐकावयाचीच नसते. दरबारात वाढलेल्या माणसाला आर्जवाच्या शब्दांत दडलेला अहंकार किती अचूक ओळखता येत होता, ते यावरून दिसते.

हे नियम कागदावर उतरण्यापूर्वीच त्यांतले आचरण हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागले होते. इग्नेशियसचा सोबती फ्रान्सिस झेवियर लिस्बनहून निघण्याच्या तयारीत होता, तेव्हा पोपच्या प्रतिनिधीने जहाजावर स्वतःचे कपडे धुणे बरे दिसणार नाही, एक नोकर बरोबर घ्यावा, असे राजाच्या एका अधिकाऱ्याने सुचविले. अशाच मानमरातबाने ख्रिस्तमंडळाची आजची दशा झाली आहे, असे उत्तर त्याने दिल्याचे चरित्रकार सांगतात. ६ मे १५४२ रोजी तो गोव्यास उतरला आणि इस्पितळात राहिला. सकाळी रोगी, मग कैदी, आणि नंतर हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून मुले व गुलाम गोळा करून त्यांना शिकविणे, असा त्याचा दिनक्रम होता. सहापैकी दोन कसोट्या गोव्याच्या रस्त्यावर अशा रोज चालू होत्या. त्याच गोव्यात पुढे धर्माच्या नावावर सत्तेने जे जुलूम केले ते महाराष्ट्र विसरलेला नाही, आणि ते विसरावे असे येथे सुचवावयाचेही नाही.

मराठी माणसाला अधिक जवळचे नाव फादर स्टीफन्सचे. विल्टशायरमधला हा इंग्रज तरुण १५७५ साली रोम येथील सांत आंद्रेआ या नवशिष्यगृहात दाखल झाला. त्याच घरात सात वर्षांपूर्वी स्टानिस्लाव कोस्तका नावाचा पोलिश सरदारपुत्र कोवळ्या वयात वारला होता. बापाचा विरोध चुकविण्यासाठी हा मुलगा १५६७ साली व्हिएन्नाहून पायी निघाला. जर्मनीतील डिलिंगेन येथे त्याला कॉलेजच्या विद्यार्थ्यांची खोल्याझाडणी आणि पंगतीची वाढणी करावयास लावून त्याची परीक्षा पाहण्यात आली, आणि मग तो आल्प्स ओलांडून रोमला पोचला. अशा स्मृती ज्या घराच्या भिंतींत मुरल्या होत्या, त्या घरातून निघालेला स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास आला, साष्टीतील खेडुतांची भाषा शिकला, आणि १६१६ साली त्याचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. मराठी भाषेची त्याने केलेली स्तुती आपण शाळेत पाठ करतो. पण ज्या विद्वानाला आधी चाकराचे काम शिकविले जाते, त्याला खेडुताच्या पायाशी बसून त्याची भाषा शिकणे सोपे जात असले पाहिजे, हा विचार क्वचितच कोणी करतो.

तथापि, हिंदुस्थानात येताच या कसोट्यांचा अर्थ पालटला. युरोपातल्या सरदारपुत्राला भीक मागणे ही मोठी नामुष्की होती. येथे भिक्षेला धर्माचे कोंदण होते. पुण्यात तर विशेषच. माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्या मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या या शहराच्या पेठांनी पोसल्या. झोळी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याची कोणी अवहेलना केली नाही. पण त्याच विद्यार्थ्याच्या हाती रस्ता झाडण्याचा झाडू दिला असता तर? झोळी पवित्र आणि झाडू विटाळाचा, अशी ही व्यवस्था. इग्नेशियसने एकाच ओळीत मांडलेल्या दोन कसोट्या येथे दोन टोकांना जाऊन पडल्या.

ज्याच्या नावाचे कॉलेज पुण्यात आहे, त्या रॉबर्ट दे नोबिलीने हे टोक प्रत्यक्ष अनुभवले. १५७७ साली इटलीत एका कुलीन घराण्यात जन्मलेला हा येशूसंघीय १६०६ साली मदुरेस गेला. तेथे त्याने भगवी वस्त्रे घेतली, मांस वर्ज्य केले, ब्राह्मण स्वयंपाकी ठेवला, संस्कृत आणि तमिळ आत्मसात केली. त्यावरून त्याच्याच संघात वाद माजला आणि १६२३ साली पोप पंधरावा ग्रेगरी याने बव्हंशी त्याच्या बाजूने निर्णय दिला. त्याच्या त्यागाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु उच्चवर्णीयांत संन्यासी म्हणून वावरावयाचे तर खालच्या जातींचा उघड सहवास टाळणे त्याला भाग पडले. पुढे त्यांच्यासाठी ‘पंडारस्वामी’ या नावाने निराळे धर्मगुरू नेमावे लागले. यात्रेकरूची झोळी त्याने घेतली; मुदपाकखान्यातले ‘हे कर’ मात्र त्याला मागे ठेवावे लागले. त्याच्या नावाच्या छपराखाली राहणाऱ्या तरुणांनी हा पेच विसरू नये, इतका तो खरा आहे.

इकडे युरोपातही वाट अरुंद होत गेली होती. धर्मगुरूंच्या अज्ञानावर उपाय म्हणून ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक बिशपने सेमिनरी काढावी असा ठराव केला. उपाय योग्यच होता. पण सेमिनरी म्हटली की भिंत आली, वेळापत्रक आले. हिंदी धर्मगुरूंसाठी अशी मोठी संस्था पोप तेरावा लिओ याने १८९३ साली सिंहलद्वीपात कँडी येथे स्थापिली आणि ती बेल्जियन येशूसंघीयांच्या हाती दिली. भारता, तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक होतील, या अर्थाचे लॅटिन ब्रीद तिला मिळाले. बासष्ट वर्षे देशभरचे विद्यार्थी समुद्र ओलांडून तेथे जात राहिले. दोन्ही देश स्वतंत्र झाल्यावर हे येणेजाणे अवघड झाले आणि १९५५ साली सेमिनरी पुण्यास आली.

ती आली तीही चालणाऱ्यांच्या गावात. तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ साली सुरू केलेली देहूची पालखी आणि एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी थाटास आणलेली आळंदीची पालखी, दोन्ही पुण्यात मुक्काम करतात; एक नाना पेठेत निवडुंग्या विठोबाशी, दुसरी भवानी पेठेत. गी देल्युरी या फ्रेंच येशूसंघीयाने या पंथाचा अभ्यास करून लिहिलेला विठ्ठलसंप्रदायावरचा इंग्रजी प्रबंध १९६० साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. इग्नेशियसने महिनाभराची कसोटी म्हणून जे नेमून दिले, ते येथे अठरापगड लोक वर्षानुवर्षे आनंदाने करीत आले आहेत, हे अशा अभ्यासकाच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. पण चालण्याने सर्व काही साधते असेही नाही. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात नोंदविले आहे की, एकाच दिंडीत बरोबर चालणाऱ्या ब्राह्मण व मराठा बायका जेवावयाला निरनिराळ्या बसत. वाट एक, चूल वेगळी. म्हणून इग्नेशियसने यात्रेपाशी न थांबता उमेदवाराला चुलीपाशी नेऊन बसविले, यात मोठी दूरदृष्टी होती.

महाराष्ट्रात ही दोन्ही टोके एका माणसाने जोडली, ते गाडगेबाबा. १९०५ साली घर सोडून निघालेल्या या यात्रेकरूच्या एका हाती गाडगे, दुसऱ्या हाती झाडू. पंढरीस जाऊन ते देवळाऐवजी वाळवंट आणि रस्ते झाडीत. पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा त्यांनीच बांधली.

एक प्रश्न मात्र युरोपच्या नियमावलीत कोठेच नव्हता. नगर जिल्ह्यातील कॅथॉलिकांत पुष्कळ कुटुंबे पूर्वाश्रमीची महार आहेत. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला दर सप्टेंबरात त्यांची रीघ लागते. अशा घरातला मुलगा धर्मगुरू व्हावयास निघाला, तर त्याला हलक्या कामाची कसोटी कोणती लावावी? गावची मेलेली गुरे ओढणे, निरोप घेऊन धावणे, सरकारी ओझी वाहणे, हे त्याच्या आजापणजांनी वतन म्हणून केले. ते वतन कायद्याने रद्द झाले ते १९५८ साली. ‘हे कर, ते कर’ हा शब्द त्याच्या घराण्याला नवा नाही. सरदारपुत्राचा ताठा ज्या आज्ञेने उतरतो, त्याच आज्ञेने या मुलाच्या पाठीचा जुना वाक पक्का व्हावयाचा. त्याला कदाचित व्यासपीठच आधी दिले पाहिजे, आणि झाडू त्याच्या शेजारच्या खोलीतल्या, मोठ्या घरातून आलेल्या सोबत्याच्या हाती. किंवा दोघांच्या हाती दोन झाडू, एकाच दिवशी, एकाच अंगणात. इग्नेशियसने कसोट्यांच्या बाबतीत एक वाक्य घातले आहे, ते येथे कामास येते : माणूस, काळ आणि स्थळ पाहून वरिष्ठाने या कसोट्या पुढेमागे कराव्यात, बदलाव्यात, किंवा एकीच्या जागी दुसरी योजावी.