असंखेय्य : गणनेतील ‘अगणित’

पालि वाङ्मयात ‘असंखेय्य’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. पहिला अर्थ सर्वपरिचित आहे : ज्याची गणना होऊ शकत नाही ते. दुसरा अर्थ कच्चायनाच्या पालि व्याकरणपरंपरेत आढळतो आणि तो पहिल्याच्या नेमका उलट आहे. तेथे असंखेय्य ही एक निश्चित पूर्ण संख्या आहे. एकावर १४० शून्ये.

व्याकरणकारांची रीत अशी : शंभर लक्ष म्हणजे एक कोटि. कोटीची कोटिपट म्हणजे पकोटि, तिची कोटिपट म्हणजे कोटिप्पकोटि. पुढे नहुत, निन्नहुत, अक्खोभिणी, बिन्दु असे चढत गेले की विसाव्या पायरीवर असंखेय्य येते. प्रत्येक पायरीस सात शून्ये वाढतात, म्हणून २० × ७ = १४०. दहाव्या पायरीवरील संख्येचे नाव ‘अहह’. तिचा वर्ग केला की थेट असंखेय्य मिळते. या संख्येचे मूळ अवयव दोनच, २ आणि ५. प्रत्येक १४० वेळा. म्हणून तिचे विभाजक १४१ × १४१, म्हणजे १९,८८१ भरतात. सातसात शून्यांनी वाढलेल्या या संख्येस सातानेच भागले तर मात्र बाकी २ उरते! जिचे विभाजक असे मोजून सांगता येतात ती अगणित कशी म्हणावी? तिच्यात एक मिळविला की पुढची संख्या तयार आहेच.

आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती या नावांची पूर्वपीठिका. अब्बुद, निरब्बुद, अबब, अहह, अटट ही नावे सुत्तनिपातातील कोकालिक सुत्तात नरकांची म्हणून येतात. वीस खारी तिळांच्या गाडीतून दर शंभर वर्षांनी एकेक तीळ काढला तरी गाडी आधी रिकामी होईल, अब्बुद नंतर संपेल, असे तेथे म्हटले आहे. पुढचा प्रत्येक नरक आधीच्याच्या वीसपट. अट्ठकथेने मात्र खुलासा केला की, अब्बुद नावाचा स्वतंत्र नरक नाही, ती अवीचीतील कालगणना होय. व्याकरणकारांनी अवीचीही वगळली आणि केवळ संख्या ठेवली. वीसपटीच्या जागी कोटिपट आली. भयाच्या शब्दांचे गणिताच्या संज्ञांत झालेले हे रूपांतर धम्माच्या अभ्यासकांनी दुर्लक्षू नये.

या संख्या भाकडकथा म्हणून टाकून देणारे आपल्यात आहेत, तसेच त्यांच्या बळावर सारे आधुनिक गणित आपल्या ग्रंथांत होते असे सांगणारेही आहेत. आम्हांस दोन्ही पक्ष मान्य नाहीत. नावांच्या यादीवरून शून्याचे चिन्ह किंवा स्थानमूल्य पद्धती सिद्ध होत नाही. शिवाय असंखेय्याचे मूल्यही सर्वत्र एक नाही. आचार्य वसुबंधूंच्या अभिधर्मकोशभाष्यात ते साठावे संख्यास्थान आहे, म्हणजे एकावर ५९ शून्ये. तेथील यादीत मधली आठ नावे नाहीत. ती विस्मृत झाली आहेत, एवढेच भाष्यात नोंदविले आहे. त्या जागी नवी नावे रचून घातलेली नाहीत.