यंत्र की हात? प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेतला जुना प्रश्न

तर झालं असं. दिवाळीत गंगाखेडला गेले होते. मामांचा पीएसए वाढलेला, बायोप्सीत प्रोस्टेटचा कर्करोग निघालेला. रोग ग्रंथीच्या आतच होता, म्हणजे वेळेत सापडला होता. घरात सगळ्यांचं एकमत झालेलं : ऑपरेशन रोबोटनंच करायचं. मुंबई, पुणे की हैदराबाद, एवढंच ठरायचं बाकी होतं. मी विचारलं, "सर्जन कोण?" मामा म्हणाले, "मशीनच कापणार म्हणल्यावर सर्जन कुणी का असंना! तू डॉक्टरकीचा इतिहास शिकतीस ना, मग कोणती मशीन चांगली ते सांग."

मला लगेच उत्तर देता आलं नाही. खरं तर माझ्या पीएचडीचा विषयच हा आहे : शस्त्रक्रियेत नवं साधन आलं की रुग्णाचा विश्वास माणसाकडून साधनाकडे कसा सरकतो. म्हणून आज मामांना द्यायचं राहिलेलं उत्तर तुम्हालाही सांगते. मी डॉक्टर नाही. उपचार ठरवायचे ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच. पण डॉक्टरांना काय विचारायचं, हे इतिहास बऱ्यापैकी शिकवतो.

आधी आपल्याच हैदराबादची गोष्ट

आपला परभणी जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. भूल देताना काही रुग्ण दगावत होते. दोष औषधाचा की देणाऱ्याचा, असा वाद होता. तिथले सर्जन एडवर्ड लॉरी यांचं मत ठाम होतं : रुग्णाच्या श्वासाकडे नीट लक्ष ठेवलं तर क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे. निजामाने पैसे दिले, लंडनच्या 'लॅन्सेट'ने तज्ज्ञ पाठवला, शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि आयोगाने लॉरींचीच बाजू उचलून धरली.

पुढे १९११मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं, की क्लोरोफॉर्म थेट हृदयही बंद पाडू शकतो. म्हणजे लॉरी अर्धे बरोबर होते. देणाऱ्याचा हात महत्त्वाचा होताच, पण साधनही निर्दोष नव्हतं. ही दुहेरी गोष्ट लक्षात ठेवा, कारण रोबोटच्या बाबतीत आपण नेमकी उलटी चूक करतो. सगळं श्रेय साधनाला देतो आणि हात विसरतो.

१९०४ ते १९८२ : यंत्राशिवायची क्रांती

प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. कर्करोगासाठी ती पूर्ण काढायची पद्धत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४मध्ये बसवली. चीर अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधून घ्यायची. १९४०च्या दशकात टेरेन्स मिलिन यांनी ओटीपोटाकडून, मूत्राशय न उघडता ग्रंथीपर्यंत जायची वाट लोकप्रिय केली. तरी लोक या ऑपरेशनला घाबरत. रक्तस्राव भयंकर व्हायचा, पुढे लघवीवर ताबा राहील याची खात्री नसायची आणि लैंगिक क्षमता तर जाणारच, असं धरून चालत.

हे चित्र बदललं ते कुठल्या यंत्राने नव्हे. हॉपकिन्सचेच पॅट्रिक वॉल्श यांनी आधी ग्रंथीवरच्या शिरांचा नकाशा मांडला, त्यामुळे रक्तस्राव आटोक्यात आला. मग १९८१मध्ये ते नेदरलँड्समधल्या लायडनला गेले. तिथले निवृत्त प्राध्यापक पीटर डॉन्कर मृत जन्मलेल्या अर्भकाच्या देहात या भागातल्या नसा शोधत होते. लहान देहात त्या स्पष्ट दिसतात. दोघांच्या लक्षात आलं, की लैंगिक क्षमतेच्या नसा ग्रंथीच्या आतून जात नाहीत, तिच्या बाहेरून, कडेने जातात. म्हणजे त्या वाचवता येतात! १९८२मध्ये वॉल्श यांनी तसं ऑपरेशन करून दाखवलं. आज जाहिरातींत 'नर्व्ह स्पेअरिंग' म्हणून जे रोबोटच्या नावावर खपवलं जातं, ते मुळात उघड्या शस्त्रक्रियेतलं, शरीररचनेच्या ज्ञानातून आलेलं तंत्र आहे.

मग रोबोट आला कशाला?

१९९०च्या दशकात अमेरिकेत शूस्लर आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून प्रोस्टेट काढून पाहिली. नऊ रुग्ण झाले आणि एकेका ऑपरेशनला सरासरी नऊ तासांच्या वर लागले. १९९७मध्ये त्यांनी प्रामाणिकपणे लिहून टाकलं, की उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा यात विशेष फायदा नाही. पॅरिसच्या सर्जननी १९९८पासून ती पद्धत बसवली खरी, पण सरळ काठीसारख्या हत्यारांनी ओटीपोटाच्या तळाशी टाके घालणं फार थोड्यांना जमायचं.

ही अडचण 'दा विंची' यंत्राने सोडवली. २०००मध्ये फ्रँकफर्टला त्यावर पहिल्या प्रोस्टेट शस्त्रक्रिया झाल्या. पाठोपाठ डेट्रॉइटमध्ये मणी मेनन यांनी ती पद्धत इतकी घोटली, की जगभरचे सर्जन शिकायला तिकडे जाऊ लागले. मेनन मूळचे केरळचे, पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये शिकलेले. यंत्राची हत्यारं मनगटासारखी वळतात, चित्र मोठं आणि त्रिमितीय दिसतं, हाताची थरथर गाळली जाते. पण मामा, नीट ऐका : यंत्र स्वतः काहीही कापत नाही. सर्जन चार पावलांवर बसून दोन्ही हातांनी, पायाने प्रत्येक हालचाल करत असतो. नांगर बदलला तरी तास सरळ येणं हाकणाऱ्यावर असतं.

आकडे काय सांगतात

२००७मध्ये अँड्र्यू व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी ७२ सर्जन आणि ७,७६५ रुग्णांची नोंद तपासली. ही सगळी उघडी ऑपरेशनं. ज्या सर्जनच्या हातून आधी दहाच ऑपरेशनं झाली होती, त्याच्या रुग्णांत पाच वर्षांत रोग उलटण्याचं प्रमाण १७.९ टक्के होतं. अडीचशे झालेल्याकडे ते १०.७ टक्के. रोग तोच, पद्धत तीच, फरक हाताचा.

दुसरा अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचा. ३२६ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं : अर्धे उघड्या शस्त्रक्रियेला, अर्धे रोबोटला. रोबोटच्या गटात रक्त कमी गेलं, घरी लवकर सोडलं. पण १२ आठवड्यांनी आणि पुन्हा २४ महिन्यांनी पाहिलं, तर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत दोन्ही गट सारखेच होते. गंमत म्हणजे उघडं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनकडे दीड हजारांवर ऑपरेशनांचा अनुभव होता आणि रोबोटवाल्याकडे सुमारे दोनशेचा. यंत्राने अनुभवाची दरी काही अंशी भरून काढली, असंही कुणी म्हणेल. म्हणूनच मी म्हणते, लॉरींसारखं एकाच बाजूला झुकू नका.

आणि एक गोष्ट या सगळ्याच्याही आधीची. ब्रिटनमधल्या 'प्रोटेक्ट' अभ्यासात पीएसएवरून वेळेत सापडलेल्या १,६४३ पुरुषांचे तीन गट केले : शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नुसतं बारीक लक्ष. २०२३मध्ये, पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, तिन्ही गटांत या कर्करोगाने दगावलेले साधारण तीन टक्केच होते. लक्ष ठेवलेल्या गटात रोग पसरण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं. जोराच्या, पसरू पाहणाऱ्या रोगाला हा हिशेब लागू होत नाही. पण 'ऑपरेशन आत्ताच करायला हवं का?' हा प्रश्न कुठल्याही मशीनच्या आधी येतो.

मामांच्या वहीतले प्रश्न

शेवटी आम्ही दोघांनी बसून वहीत लिहून काढलं. तुम्हीही उतरवून घ्या.

१. माझा रोग कमी जोखमीचा की जास्त? किरणोपचार किंवा नुसतं लक्ष ठेवणं मला चालेल का?
२. हे ऑपरेशन तुम्ही स्वतः आजवर किती केलेत? गेल्या वर्षात किती? माझं तुम्हीच करणार ना?
३. तुमच्या स्वतःच्या रुग्णांत वर्षभरानंतर किती जणांना पॅड लागतं? कडेला रोग राहून गेल्याचं किती जणांत निघालं?
४. माझ्या नसा वाचवता येतील का? एका बाजूच्या की दोन्ही? रोग नसांच्या जवळ असेल तर काय करणार?
५. नळी निघाल्यावर, पुढच्या पीएसएला, काही अडचण आली तर मी गंगाखेडहून कुणाकडे जायचं?

पैशांचंही बोलून घ्या. सरकारी योजनेत कोणती पद्धत बसते, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. खासगी विम्यात रोबोटिक शस्त्रक्रिया सरसकट वगळायला २०१९च्या नियमांनी मनाई केली, पण कंपनीला रकमेवर मर्यादा घालायची मुभा ठेवली होती. पॉलिसी वाचा. नुसत्या यंत्रासाठी शेत विकायची वेळ आली असेल, तर उघड्या शस्त्रक्रियेत मुरलेला सर्जन हा कमी प्रतीचा पर्याय नाही, हे ब्रिस्बेनने दाखवलंय.

चौथा प्रश्न मी मोठ्यांदा वाचला नाही. भाचीनं मामाला काय वाचून दाखवायचं! वही तशीच त्यांच्या हातात दिली. मामांनी वाचली, थोडा वेळ गप्प बसले, मग मामीकडे सरकवली. मामीनं वाचून एवढंच म्हटलं, "हे बी विचारा. लाजू नका."

पहिल्या भेटीत एका सर्जनने दुसऱ्या प्रश्नाला "सगळं रोबोट करतो, काळजी करू नका" असं उत्तर दिलं. मामा तिथून उठले. दुसऱ्या ठिकाणच्या सर्जनने आपली नोंदवही काढून आकडे सांगितले, त्यातले दोन फारसे चांगले नव्हते, तेही सांगितले. मामांनी तारीख तिथलीच घेतली आहे. यंत्र कोणत्या कंपनीचं, हे विचारायचं मात्र ते विसरले.