चांदाची तारीख आणि दर्याची वेळ

उर्दू माध्यमात शिकलेल्या कोणालाही ‘मद्द-ओ-जज़र’ हा शब्द परका नाही. मौलाना अल्ताफ हुसेन हाली यांच्या १८७९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मुसद्दस’च्या पूर्ण नावातच तो आहे. मद्द म्हणजे भरती, जज़र म्हणजे ओहोटी. एका समाजाचा उत्कर्ष आणि अपकर्ष सांगण्यासाठी हालींनी समुद्राची उपमा घेतली. उपमा आपल्या लक्षात राहिली, समुद्र मात्र विसरला गेला. वर्गात या शब्दाचा लाक्षणिक अर्थ विद्यार्थी घडाघडा सांगतात. पण आज भरती किती वाजता, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या मुलांनाही सांगता येतेच असे नाही. वास्तविक त्याचे उत्तर घरातल्या भिंतीवर, हिजरी कॅलेंडरात टांगलेले असते.

कोकण किनाऱ्यावरील कोळी, खारवी, दालदी, तांडेल यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या आसपासची भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. चंद्रदर्शन साधारणपणे प्रतिपदा-द्वितीयेच्या संध्याकाळी होते. म्हणून आपल्या चांदाच्या तारखेत एक मिळवला की सुमारे तिथी येते. चौदा तारखेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. या हिशेबाने ईदुल फित्रच्या दिवशी पूर्ण भरती दुपारी दीड-दोनच्या सुमारास, तर बकरी ईदला आणि आशुऱ्याला सकाळी व रात्री सव्वाआठच्या आगेमागे येते. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण असते आणि अष्टमीनंतर भांग. म्हणजे ईदच्या दिवशी समुद्र बहुधा उधाणावर असतो. ईदची नमाज आटोपून मुलाबाळांसह चौपाटीवर जाणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

हे ज्ञान कोणाचे? येथे आपण जरा सांभाळून बोलले पाहिजे. ‘सर्व काही आमच्याच पूर्वजांनी शोधले’ असे म्हणण्याची हौस सर्वच समाजांना असते. ती आपल्यालाही सुटलेली नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या भरतीचे भयंकर वर्णन आहे. तिथले स्थानिक मच्छीमार समुद्रात पुढे जाऊन परदेशी जहाजांना वाट दाखवीत आणत, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे अरबी लेखकांच्या कितीतरी आधी येथल्या माणसाला भरतीची वेळ कळत होती.

अरबी लेखकांचे श्रेय वेगळे आहे. त्यांनी पाहिले, नोंदवले आणि कारण विचारले. बगदादचा अल-मसूदी हिजरी ३०३ मध्ये खंबायतला आला. ओहोटीत उघड्या पडलेल्या वाळूवर एक कुत्रा त्याने पाहिला. पाणी डोंगरासारखे चालून आले, कुत्रा जिवाच्या आकांताने पळाला. पण पाण्याने त्याला गाठले आणि तो बुडाला. खंबायतच्या आखातात उधाणाला पाणी दहा मीटरपर्यंत चढते, हे ठाऊक असणाऱ्याला यात अतिशयोक्ती वाटणार नाही. पुढच्याच वर्षी, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, मसूदी सैमूरला आला. सैमूर म्हणजे रायगड जिल्ह्यातले आपले चौल. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेल्यांसह सुमारे दहा हजार मुसलमान तेथे राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. ही माणसे समुद्राची वेळ न पाहता येथे पोहोचली नव्हती.

मसूदीच्याही आधी बल्खच्या अबू माशरने नवव्या शतकातील आपल्या मोठ्या ग्रंथात भरती-ओहोटीचा चंद्राच्या उदयास्ताशी, मध्यान्हाशी आणि कलांशी असलेला संबंध तपशीलवार मांडला. बाराव्या शतकात त्याची लॅटिन भाषांतरे झाली व युरोपने ती अभ्यासली. त्याची निरीक्षणे बरीचशी बरोबर होती. कारण मात्र ज्योतिषाचे होते. खरे कारण, गुरुत्वाकर्षण, १६८७ मध्ये न्यूटनने सांगितले.

आणि अल-बिरूनी! इ.स. १०३० च्या सुमाराच्या ‘किताबुल हिंद’मध्ये त्याने भरतीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. सोमनाथ म्हणजे चंद्राचा स्वामी. चंद्र उगवताना आणि मावळताना समुद्राचे पाणी चढून तेथील लिंगाला स्नान घालते, म्हणून हे नाव, असे तो सांगतो. सुशिक्षित हिंदू रोजची भरती चंद्राच्या उदयास्तावरून आणि महिन्याची भरती त्याच्या कलांवरून ठरवतात, हेही तो मान्य करतो. ज्या सोमनाथवर १०२६ मध्ये महमूद गझनवीने स्वारी केली, त्याच सोमनाथविषयी त्याच्याच राज्यातला एक विद्वान, मूर्ती फोडल्याची नोंद करूनही, तेथल्या लोकांचे ज्ञान समजून घेत होता. सोमनाथचे नाव निघाले की आपल्याला महमूदच आठवून दिला जातो. बिरूनीची आठवण कोणी करून द्यायची? ती आपणच ठेवली पाहिजे.

पुढे यंत्रे आली. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राच्या पातळीची नोंद होऊ लागली. हालींचे ‘मुसद्दस’ आले त्याच १८७९ साली भारतीय बंदरांच्या भरतीचे भाकीत करणारे यंत्र लंडनमध्ये तयार झाले. आज सर्व्हे ऑफ इंडियाची कोष्टके मिनिटांपर्यंत वेळ देतात. पाऊणपटीचा हिशेब अंदाजाचा आहे. समुद्रात उतरायचे तर कोष्टकच पाहावे. २६ जुलै २००५ ला मुंबईत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि दुपारी भरतीही ४.४८ मीटरची होती. पाण्याला बाहेर पडायला वाट उरली नाही. समुद्राची वेळ न जाणणाऱ्या शहराला तिची किंमत मोजावी लागते.

या ज्ञानाची गोड बाजूही आहे. उधाणाच्या दिवसांत ओहोटी खोलवर जाते आणि खडकांतली डबकी उघडी पडतात. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते, हे सर्वांना माहीत आहे. पण तिच्या दोन्ही बाजूंच्या खडकांत समुद्रफुले, रिकाम्या शंखात घर करणारे खेकडे, कालवे आणि प्रवाळही आहेत, हे जियारतीला जाणाऱ्या किती जणांनी पाहिले असेल? कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये या भागातल्या काही प्रवाळांना उचलून दुसरीकडे न्यावे लागले, तेव्हा अनेकांना ते येथे होते हे प्रथमच कळले.

डबकी पाहायची तर पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी पोहोचावे, दगड उलटला तर पुन्हा तसाच ठेवावा आणि पाणी वळताच आपणही वळावे. मसूदीचा कुत्रा विसरू नये.

उर्दू शाळांत चांदाची तारीख फळ्यावर लिहिण्याची पद्धत आहे. तिच्या शेजारी भरतीची वेळ लिहायला खडूचा एक तुकडा पुरेल. मद्द आणि जज़र हे दोन शब्द मग मुलांना पुस्तकाबाहेरही भेटतील.