वारसाचा चेहरा

सम्राटाच्या मुलालाच गादी मिळावी असा कायदा रोमन साम्राज्यात कधीच नव्हता. सैन्याने उचलून धरले आणि सिनेटने मान डोलावली, की माणूस सम्राट होई. तिथल्या कांस्य नाण्यांवर सम्राटाच्या जोडीने मुलांचे चेहरे दिसतात, ते माझ्या मते घराण्याच्या कौतुकापोटी आलेले नाहीत. कायद्यात नसलेला वारसा लोकांच्या अंगवळणी पाडण्यासाठी ते आले. सेप्टिमियस सेव्हेरस १९३ मध्ये फौजेच्या जोरावर सत्तेवर आला. दोनच वर्षांत तो, पंधरा वर्षांपूर्वी वारलेल्या मार्कस ऑरेलियसचा मुलगा म्हणवू लागला आणि थोरल्या मुलाला, म्हणजे पुढच्या कॅराकॅलाला, त्याने त्याच सम्राटाचे नाव दिले. १९८ मध्ये थोरला ‘ऑगस्टस’ म्हणजे सहसम्राट झाला आणि धाकटा गेटा ‘सीझर’. नाण्यावर थोरल्याच्या डोक्याला लॉरेलच्या पानांची माळ आहे, गेटाचे डोके मोकळे. २०९ मध्ये गेटालाही ऑगस्टसपद मिळाले आणि त्याच्याही कपाळावर पाने आली. अक्षरशत्रूलाही मान कुणाचा किती वाढला ते उमगावे, अशी ही खूण होती.

बाजारात नाणी मोजून घेणारा माणूस चित्राकडे बघतो कुठे, असे कुणी म्हणेल. त्याला उत्तर आशिया मायनरमधल्या स्ट्रॅटोनिसिया शहराच्या नाण्यांत आहे. साडेतीन सेंटिमीटरांच्या आसपासच्या या जाड नाण्यांवर दोघे भाऊ समोरासमोर कोरलेले होते. फेब्रुवारी २११ मध्ये बाप वारला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कॅराकॅलाने गेटाचा खून करवला. त्यानंतर या नाण्यांवरचा गेटा छिन्नीने खरवडला गेला. कॅराकॅलाचे नाक, दाढी, माळ शाबूत आहे आणि समोर नुसते ओरखडे; काहींवर वेगळा ठसाही मारलेला आहे. हे केवळ वरच्या हुकमाने झाले असेल, असे मानणे मला पटत नाही. कॅराकॅलाने गेटाची नाणी वितळवली असे इतिहासकार कॅशियस डिओ सांगतो खरे, पण रोमच्या टाकसाळीतली गेटाची कांस्य नाणी न खरवडलेली आजही भरपूर सापडतात. सरसकट हुकूम बजावला गेला असता तर ती इतकी उरली नसती. आणि शहराने भीतीने हे केले असे धरले, तरी खिशातल्या चेहऱ्याला अर्थ आहे हे ओळखल्याशिवाय ती भीती वाटली नसती.

शंभर वर्षांनी कॉन्स्टंटाईनने हीच रीत पुढे नेली. १ मार्च ३१७ रोजी त्याचे मुलगे क्रिस्पस आणि धाकटा कॉन्स्टंटाईन सीझर झाले. धाकटा तान्हा होता, पण नाण्यांवर तो पोरसवदा तरुण दिसतो, कुठे कुठे तर चिलखत घालून. हे हुबेहूब चित्र नव्हेच. पुढे तो जे होणार होता, त्याची ती ग्वाही होती. ३२६ मध्ये बापाने क्रिस्पसला ठार करवले आणि त्याची नाणी बंद झाली. बुरुजांच्या दरवाजावर तारा असलेली, सीझरांच्या दूरदृष्टीचा गौरव करणारी छाप मात्र टाकसाळींनी उरलेल्या भावांच्या नावे पाडणे चालूच ठेवले.