एकीकरण आणि चक्रीय पदे

दोन पदांतील चलांना अशा किमती देणे, की ती पदे तंतोतंत एकच व्हावीत, या क्रियेस तर्काधिष्ठित संगणकभाषांत एकीकरण (युनिफिकेशन) म्हणतात. प्रोलॉग या भाषेचा सारा कारभार याच क्रियेवर चालतो. एखाद्या चलाची किंमत म्हणून तेच चल पोटात असलेले पद आले, तर चक्रीय पद निर्माण होते.

उदाहरण

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्ञानेश्वरांचे गुरू त्यांचे थोरले बंधू निवृत्तिनाथ. ही माहिती गुरू(निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर) अशी नोंदवून गुरू(क्ष, ज्ञानेश्वर) असा प्रश्न केल्यास एकीकरणाने क्ष = निवृत्तिनाथ हे उत्तर मिळते. (प्रोलॉगमध्ये चल मोठ्या रोमन अक्षराने किंवा अधोरेखेने सुरू होते. येथे शालेय बीजगणितातील क्ष, य घेतले आहेत.)

आता 'प्रत्येक जण आपल्या शिष्याचा गुरू असतो' हा नियम घेऊ : गुरू(क्ष, शिष्य(क्ष)). 'कोणी स्वतःचाच गुरू आहे काय?' हा प्रश्न गुरू(य, य) असा होईल. पहिल्या स्थानावरून क्ष = य, आणि दुसऱ्या स्थानावरून य = शिष्य(य). य च्या जागी त्याची किंमत ठेवत गेल्यास शिष्य(शिष्य(शिष्य(…))) ही माळ संपतच नाही. असे सांत पद अस्तित्वात नाही, म्हणून उत्तर 'नाही' हवे. प्रोलॉगच्या बहुतेक आवृत्त्या मात्र 'होय' म्हणतात. नियमातून न निघणारा निष्कर्ष यंत्राने सिद्ध म्हणून पुढे करावा, हा तर्कभाषेत किरकोळ दोष नव्हे.

आढळ-तपासणी

जॉन ॲलन रॉबिन्सन यांच्या १९६५ च्या रीतीत यावर उपाय होता : चलाला पद बांधण्यापूर्वी ते चल त्या पदात आढळते काय, हे पाहावयाचे. मार्सेय येथे आलँ कोलमेरोएर व फिलिप रूसेल यांनी १९७२ च्या सुमारास प्रोलॉग घडविताना ही तपासणी गाळली, ती वेगासाठी. तपासणीविना बांधणी एका पायरीत होते, तपासणीसह अख्खे पद चाळावे लागते. दोन याद्या जोडण्याचे साधे काम एरवी यादीच्या लांबीच्या प्रमाणात होते, ते लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात होऊ लागते.

परिमेय वृक्ष

पुढे कोलमेरोएर यांनीच प्रोलॉग-२ मध्ये (१९८२) अनंत पदांना रीतसर मान्यता दिली. १/३ चा दशांश अनंत असूनही त्यात एकच अंक फिरून येतो. त्याचप्रमाणे परिमेय वृक्ष अनंत असला तरी त्याचे भिन्न उपवृक्ष मोजकेच असतात, आणि संगणकाच्या स्मृतीत तो लहानशा वेढ्याने साठवता येतो. या विश्वात य = शिष्य(य) हे समीकरण सुटते, आणि वरील 'होय' हे उत्तर योग्य ठरते.

१९९५ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाने अशा एकीकरणाचा निकाल अनिश्चित ठेवला, मात्र तपासणीसह एकीकरणाची स्वतंत्र आज्ञा दिली. एसडब्ल्यूआय-प्रोलॉग चक्रीय पदे स्वीकारते. तपासणी चालू करण्याची, किंवा चक्र उद्भवताच त्रुटी दाखविण्याची सोयही तीत आहे.